श्रद्धेचा धागा : जॉर्ज मॅक्डोनल्ड ह्यांच्या अद्भुतकथा

धर्म आणि कादंबरी ह्यांचा संसार सुखाचा झाल्याचीं उदाहरणें वाङ्मयाच्या इतिहासांत फारशीं आढळत नाहींत. धर्माला सांगावयाचें असतें आणि कादंबरीला दाखवावयाचें असतें. सांगणाराचा हात वर झाला कीं पात्रांचीं बाहुलीं होतात. दाखविणाराचा हात वर झाला कीं उपदेशक रुसतात. त्यांतून वाचक पंधरा-सोळा वर्षांचा असला, कथानक परीकथेचें असलें आणि त्यांत राजकन्येच्या प्रीतीची गोष्ट गुंफावयाची असली, म्हणजे तर लेखकाची कसोटीच लागते. इंग्रजी ग्रंथव्यवसायांत आज अशा पुस्तकांचा एक स्वतंत्र वर्गच झाला आहे. जुनी परीकथा घ्यावयाची, नायिकेला प्रसंगोपात्त प्रार्थना करावयास लावावयाची, नायकाची श्रद्धा मध्यंतरीं डळमळीत ठेवावयाची, आणि अखेरीस श्रद्धेचा व विवाहाचा मुहूर्त एकच धरावयाचा, अशी ह्या पुस्तकांची बहुधा रचना असते. ह्या वर्गाच्या मुळाशीं काय आहे तें पाहूं लागलें म्हणजे स्कॉटलंडांतील एका धर्मोपदेशकाचें नांव पुढें येतें. जॉर्ज मॅक्डोनल्ड (१८२४–१९०५) हे ते गृहस्थ. 'राजकन्या आणि गॉब्लिन' (१८७२) व 'राजकन्या आणि कर्डी' (१८८३) ह्या त्यांच्या दोन कथांचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. ह्या दोन्ही मिळून वस्तुतः एकच कादंबरी होते.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचें कारण नाहीं. आपल्या कादंबरीचा जन्मच मुळीं ह्या पेचांतून झालेला आहे. १८५७ सालीं बाबा पदमनजींनीं 'यमुनापर्यटन' लिहिलें. त्यांत विधवांच्या दुःखाचें चित्र मोठ्या कळवळ्यानें काढलेलें आहे. परंतु कथेचें सुकाणूं धर्मप्रचाराच्या हातीं असल्यामुळें यमुनेची वाट वाचकाला अगोदरच दिसत असते. वैधव्य, धर्मांतर आणि मग ख्रिस्ती पतीशीं पुनर्विवाह, असे तिचे टप्पे ठरलेले आहेत. पुढें चारच वर्षांनीं, १८६१ सालीं, लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची 'मुक्तामाला' आली आणि अद्भुतरम्यतेचा ओघ सुरू झाला. त्या ओघांत संकटें होतीं, योगायोग होते, सुशील नायिका होती आणि अखेरचें सुखमय मीलनही होतें. सद्गुणाला फळ यावयाचेंच, हें तेथें गृहीत धरलेलें होतें. फळ दिसत नसतांना माणूस कशावर उभा राहतो, हें विचारलेलें नव्हतें. एकीकडे श्रद्धा होती पण अद्भुताचा आनंद नव्हता. दुसरीकडे अद्भुत होतें पण श्रद्धेची परीक्षा नव्हती. इंग्रजींत हीं दोन्ही त्यानंतर थोड्याच वर्षांत एका छपराखालीं कशीं नांदलीं, हें पाहणें ह्यासाठींच उपयुक्त आहे.

मॅक्डोनल्ड ह्यांचा जन्म स्कॉटलंडांतील हंटली ह्या गांवीं झाला. ॲबर्डीन येथील विद्यापीठांत त्यांनीं रसायन व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन पदवी संपादन केली. १८५० सालीं दक्षिण इंग्लंडांतील अरंडेल येथील एका ख्रिस्ती मंडळीचे ते धर्मोपदेशक झाले. कांहीं निवडक जीवांचाच उद्धार व्हावयाचा आणि बाकीच्यांच्या कपाळीं अक्षय नरक लिहिलेला, हें कॅल्विनपंथी मत त्यांना बाळपणापासून असह्य होत असे. ख्रिस्ताचें नांवही ज्यांच्या कानीं पडलें नाहीं अशा मूर्तिपूजकांसाठीं ईश्वरानें मृत्यूनंतर कांहीं अवसर ठेवलेला असेल, असें त्यांनीं सुचविलें. मंडळींतील चालकांना तें रुचलें नाहीं. त्यांनीं प्रथम वेतन कमी केलें, आणि १८५३ सालीं मॅक्डोनल्ड तें पद सोडून बाहेर पडले. पुढचें सारें आयुष्य त्यांनीं व्याख्यानें, अध्यापन आणि लेखन ह्यांवर काढलें, आणि अकरा मुलांचा संसार त्यावर चालविला. हें प्रकरण आम्ही मुद्दाम सांगतों. ज्या 'मूर्तिपूजकां'ची कड घेतल्यामुळें ह्या गृहस्थाची भाकरी गेली, त्यांत आमचे-तुमचे पणजोबा येतात. अशा माणसानें लिहिलेली धर्मकथा आपल्या घरांत कोणत्या भावनेनें वाचावी, ह्याचा निर्णय वाचकांनीं हें लक्षांत ठेवून करावा.

इंग्रजी बालवाङ्मयावरील त्यांचें ऋण मोठें आहे. लुई कॅरोलच्या 'ॲलिस'चें हस्तलिखित प्रथम मॅक्डोनल्ड ह्यांच्या मुलांना वाचून दाखविण्यांत आलें, आणि तें छापावें असा आग्रह त्या घरांतून झाला. चेस्टरटन ह्यांनीं १९२४ सालीं लिहितांना 'राजकन्या आणि गॉब्लिन' ह्या पुस्तकानें आपल्या आयुष्याची दृष्टिच बदलली असें सांगितलें. सी. एस. लुइस ह्यांच्या हातीं १९१६ सालीं, ते अठरा वर्षांचे होण्यापूर्वीं, मॅक्डोनल्ड ह्यांची 'फँटास्टिस' ही कादंबरी एका रेल्वे स्टेशनावर पडली. त्या वेळीं पक्के नास्तिक असलेल्या लुइस ह्यांनीं ह्या पुस्तकानें आपल्या कल्पनाशक्तीला बाप्तिस्मा दिला असें पुढें लिहिलें. १९५० ते १९५६ ह्या काळांत निघालेल्या त्यांच्या नार्नियाच्या सात कथांचा उगम येथपर्यंत नेतां येतो. परंतु कोणी थोरानें वाखाणलें म्हणून पुस्तक थोर होत नाहीं. तेव्हां आतां प्रत्यक्ष कथेकडे वळूं.

आयरीन ही आठ वर्षांची राजकन्या डोंगराच्या उतारावरील एका मोठ्या वाड्यांत दाईच्या देखरेखीखालीं वाढत आहे. बाप राजा असल्यामुळें सदैव राज्यांत फिरतीवर असतो. डोंगराच्या पोटांत खाणी आहेत, आणि खाणींच्याही खालीं गॉब्लिन नांवाचे खुजे, कुरूप, सूर्यप्रकाशाला विटलेले लोक भुयारें करून राहतात. एकदां पावसाच्या झडींत कंटाळलेली आयरीन जिना चढून जाते, वाट चुकते, आणि वाड्याच्या अगदीं वरच्या मजल्यावर तिला चरख्यावर सूत काततांना एक पांढऱ्या केसांची, परंतु तेजस्वी व सुंदर, वृद्ध स्त्री भेटते. ती तिच्या पणजोबांची आई. तिचेंही नांव आयरीनच. ही म्हातारी आपल्या कबुतरांच्या अंड्यांवर राहते आणि कोळ्याच्या तंतूंचें सूत कातते. खालीं येऊन मुलगी हें सांगते तेव्हां दाई लूटी तिला खोटारडी ठरविते. येथून कथेचा खरा विषय सुरू होतो. जें आपण पाहिलें तें दुसऱ्याला पटवितां येत नाहीं. मग करावयाचें काय?

म्हातारी आपल्या नातीला एक आंगठी देते व तिला आपल्या सुताचा एक अदृश्य धागा बांधते. गुंडी म्हातारीपाशींच राहावयाची. संकट आलें म्हणजे आंगठी उशीखालीं ठेवावयाची आणि तर्जनीला लागेल त्या धाग्याच्या मागें जावयाचें, एवढीच सूचना. एके दिवशीं पहाटे धागा आयरीनला आजीच्या माडीवर न नेतां वाड्याबाहेर, डोंगरावर आणि तेथून काळोख्या खाणींत घेऊन जातो. जेथें भय आहे असें तिला वाटत होतें नेमकें तेथेंच तिला जावें लागतें. अखेर दगडांच्या एका राशीपाशीं धागा राशींत शिरतो. भ्यालेली मुलगी परत फिरूं पाहते, तेव्हां बोटाला धागा लागतच नाहीं. पुढें जातांना तो असतो, मागें फिरतांना नसतो. ती रडते, आणि मग एक एक दगड उचलूं लागते. तिचीं बोटें रक्तबंबाळ होतात. राशीच्या पलीकडे गॉब्लिनांनीं कोंडलेला खाणकामगाराचा मुलगा कर्डी असतो.

हा प्रसंग आम्हीं सविस्तर सांगितला, कारण श्रद्धेविषयीं शेंकडों प्रवचनांतून जें समजत नाहीं तें येथें एका मुलीच्या बोटांतून समजतें. धागा डोळ्यांना दिसत नाहीं, त्याची परीक्षा करून पाहतां येत नाहीं, आणि तो आपल्याला सुरक्षित जागीं नेईलच अशी हमीही नाहीं. आपल्या सुटकेसाठीं हातीं आलेला धागा दुसऱ्याच्या सुटकेसाठीं होता, हें तिला दगड उपसल्यावर कळतें. श्रद्धेला सोपे अर्थ देणारे ग्रंथकार नेहमीं येथेंच चुकतात. देवावर भरंवसा ठेव, म्हणजे तुझें संकट टळेल, असें ते सांगतात. मॅक्डोनल्ड सांगतात कीं भरंवसा ठेवलास तर तुला काळोखांत जावें लागेल आणि तेथें कोणी तरी कोंडलेला असेल. विशेष असें कीं हें सर्व सांगतांना देवळाचा, उपासनेचा किंवा धर्मग्रंथाच्या वचनाचा आधार त्यांनीं घेतलेला नाहीं. सूत, चरखा, आंगठी आणि दगड एवढ्या सामग्रीवर त्यांनीं काम भागविलें आहे.

ह्यापुढील प्रसंग आमच्या मतें साऱ्या कथेचा कळस होय. सुटका करून आणलेल्या कर्डीला आयरीन मोठ्या उत्साहानें आजीच्या माडीवर घेऊन जाते. तिला आजी दिसते, चरखा दिसतो, चंद्रासारखा दिवा दिसतो. कर्डीला मात्र एक ओसाड माळा, कुबट गवताचा ढीग आणि एक सुकलेलें सफरचंद एवढेंच दिसतें. ही राजकन्या आपली थट्टा करते आहे असें वाटून तो रागावतो आणि निघून जातो. ज्या मुलाला तिनें बोटें फोडून सोडविलें, तोच तिला लबाड समजून पाठ फिरवितो! आयरीन हुंदके देऊं लागते. आजी तिला जें सांगते त्याचा आशय असा : त्याच्यावर रागावूं नकोस, त्याला अजून दिसूं शकत नाहीं. कांहीं काळ आपल्यावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं हें सोसावयास तूं शिकलें पाहिजेस. आपल्याला दुसऱ्यांनीं समजून घ्यावें ही इच्छा सर्वांनाच असते. परंतु दुसऱ्यांना आपण समजून घेणें अधिक आवश्यक आहे.

आमचें मुख्य म्हणणें येथें मांडावयाचें आहे. श्रद्धेची कथा आणि प्रीतीची कथा ह्या दोहोंना जोडणारा सांधा मॅक्डोनल्ड ह्यांना ह्या प्रसंगांत सांपडला आहे. सामान्य धर्मकादंबरींत श्रद्धावान् नायिका अश्रद्ध नायकाला आपल्या मतावर आणते आणि मग त्याला माळ घालते. तेथें प्रीति हें श्रद्धेचें आमिष होऊन बसतें, आणि श्रद्धा ही विवाहाची अट होते. दोहोंचीही त्यांत विटंबना आहे. मॅक्डोनल्ड ह्यांच्या कथेंत दिसणाऱ्यानें न दिसणाऱ्याला सोसावयाचें, त्याच्यावर सक्ति करावयाची नाहीं, त्याला तुच्छ मानावयाचें नाहीं, आणि आपण पाहिलेलें नाकारावयाचेंही नाहीं. हें सोसणें म्हणजेच प्रीति. आठ वर्षांच्या मुलीच्या बाबतींत प्रीति हा शब्द वापरण्याचा संकोच कोणास वाटल्यास त्यांनीं मैत्री म्हणावें. परंतु पुढें पंचवीस वर्षांचा संसार ज्या गुणावर उभा राहतो तो गुण हाच, हें संसारी वाचकांस सांगावयास नको. एकाच घरांत देवपूजा करणारी पत्नी आणि देव न मानणारा पति, किंवा व्रतस्थ आई आणि शंकेखोर मुलगा, हें दृश्य आपल्याकडे घरोघर आहे. त्या घरांतील शांति कोणाच्या तरी न बोलतां सोसण्यावर टिकून असते. त्या सोसण्याला इंग्रजी बालवाङ्मयांत इतकें सुबोध रूप दिलेलें आम्हांस दुसरीकडे आढळलें नाहीं.

कर्डीची आई जोन हें पात्र ह्याच दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. मुलगा रागावून घरीं येतो आणि सर्व हकीकत सांगतो, तेव्हां ती मुलीला खोटी ठरवीत नाहीं आणि मुलाला मूर्खही म्हणत नाहीं. पूर्वीं एका रात्रीं डोंगरावर दुष्ट प्राण्यांनीं वेढलें असतां चंद्रासारख्या एका गोळ्याच्या प्रकाशानें व एका पांढऱ्या पांखरानें आपली सुटका कशी झाली, तें ती सांगते. जें आपल्याला समजत नाहीं तें खोटेंच असें धरून चालण्याची घाई करूं नये, एवढाच तिचा उपदेश. कर्डी ओशाळतो. त्याला अजून आजी दिसत नाहीं, पण राजकन्येवर आपण अन्याय केला हें दिसतें. पुढें गॉब्लिन वाड्यांत शिरतात, आयरीन नाहींशी होते, आणि तिला शोधणाऱ्या कर्डीच्या बोटाला प्रथमच तो धागा लागतो. तो धरून गेलें असतां ती कोठें सांपडावी? खुद्द कर्डीच्याच झोंपडींत, त्याच्या आईच्या मांडीवर. जें तो डोंगरभर शोधीत होता तें त्याच्या घरींच होतें.

पहिल्या कथेच्या अखेरीस आयरीनला आपलें एक वचन पुरें करावयाचें असतें. कर्डीला तिनें एकदां चुंबन देण्याचें कबूल केलेलें असतें, आणि खाणींतल्या पोरानें राजकन्येचें चुंबन घ्यावें ह्या कल्पनेनें दाई हादरून गेलेली असते. राजा मात्र सांगतो कीं राजकन्येनें दिलेला शब्द पाळलाच पाहिजे. मग तो कर्डीला आपल्या पदरीं ठेवूं पाहतो. पण आईबापांना सोडून जाणें त्याला मान्य होत नाहीं. बक्षीस म्हणून तो मागतो काय, तर आईसाठीं एक तांबडा परकर, ज्याच्यासाठीं तो रात्रपाळी करून पैसे सांठवीत होता. परीकथेंतील नायकानें अर्धें राज्य मागावयाचें असतें. कर्डीची ही मागणी वाचून आम्हांस हंसूं आलें, आणि लगोलग त्याच्याविषयीं आदरही वाटला.

दुसरी कथा वयानें प्रौढ आहे आणि रंगानें काळसर आहे. आयरीन राजधानींत गेली आहे. कर्डी वाढतो आहे, आणि वाढतां वाढतां सामान्य होतो आहे. पूर्वींच्या गोष्टी खऱ्या कीं स्वप्नांतल्या, ह्याचाही त्याला विसर पडूं लागला आहे. एके दिवशीं नवें धनुष्य हातीं आल्याच्या भरांत तो एक पांढरें कबूतर मारतो. हातांत आलेल्या त्या जखमी पांखराची नजर त्याच्याकडे लागते आणि आपण काय केलें हें त्याला कळतें. तें पांखरूं उराशीं धरून तो म्हाताऱ्या राजकन्येच्या माडीवर धांवत जातो, आणि ह्या वेळीं त्याला ती दिसते. प्रथम वाळलेली, वांकलेली म्हातारी म्हणून दिसते, आणि जसजसा तो खरें बोलत जातो तसतशी ती उजळत जाते. वादानें, पुराव्यानें किंवा आयरीनच्या विनवणीनें जें झालें नाहीं तें पश्चात्तापानें झालें. वयांत येणाऱ्या मुलांच्या मनाचें हें निदान अचूक आहे. त्या वयांत अश्रद्धा बहुधा विचारांतून येत नाहीं; ती हळूहळू बोथट होत गेलेल्या मनांतून येते, आणि आपल्या हातून कोणाला तरी इजा झाली हें उमगतांच तें मन पुन्हां जागें होतें.

ह्यानंतर गुलाबांच्या अग्नींत हात घालण्याचा प्रसंग आहे. म्हातारी कर्डीला चुलींत पेटलेल्या गुलाबांत दोन्ही हात खुपसावयास सांगते. तो भाजून निघतो. पण खाणीच्या कामानें राठ झालेले हात बाहेर काढून पाहतो तों ते लहान मुलासारखे मऊ झालेले असतात. आतां कोणाचाही हात हातीं घेतला कीं तो माणूस आंतून कोणत्या पशूकडे चालला आहे, हें त्याला स्पर्शानें कळेल. राजदरबारचा मुत्सद्दी असो किंवा वैद्य असो, हस्तांदोलन करतांच हातीं लागतो तो पक्ष्याचा पंजा, खूर किंवा सापाचें अंग. ही देणगी स्वार्थासाठीं वापरली कीं ती जाणार. त्या देणगीचा पहिला प्रयोग मात्र म्हातारी एका माणसावर करावयास सांगत नाहीं. लीना नांवाच्या एका अक्राळविक्राळ जनावराचा पंजा ती त्याच्या हातीं देते, आणि त्या पंजाच्या आंत त्याला एका लहान मुलाचा हात लागतो. दुष्टाला ओळखण्याची विद्या शिकवितांना आरंभ कुरूपाच्या आंतील चांगुलपणापासून करावा, हा क्रम ज्याला सुचला त्याची नीतिबुद्धि सामान्य उपदेशकाची नव्हे.

कर्डी ग्विंटिस्टॉर्म ह्या राजधानींत पोंचतो तेव्हां नगर लोभानें सडलेलें असतें, आणि राजाला त्याचाच वैद्य व प्रधान मिळून हळूहळू विष चारीत असतात. आयरीन बापाच्या उशाशीं बसून असते. लीना व तिच्यासारखींच विद्रूप जनावरें ह्यांच्या साह्यानें कर्डी वाडा स्वच्छ करतो. ह्या भागांत एक प्रसंग मोठ्या मौजेचा आहे. नगरांतला मुख्य धर्मोपदेशक देवळांत उभा राहून ज्यानें त्यानें आपलें हित पाहणें हाच सद्धर्म, असें प्रवचन झोडीत असतां, ह्या जनावरांपैकीं एक येतें, त्याला तोंडांत धरतें, आणि देवळाबाहेर नेऊन कचऱ्यांत टाकतें. आस्तिक लेखकाच्या कादंबरींत धर्मगुरूची ही गति पाहून अरंडेलची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. पण हा सूड नव्हे; लेखकाचा विनोद येथें सात्त्विक आहे, आणि धर्माच्या नांवानें चाललेल्या हिशेबीपणावर त्याचा रोख आहे.

दोष दाखविल्याशिवाय परीक्षण पुरें होत नाहीं, आणि ह्या कथांत दोष आहेत. पहिला व मोठा दोष हा कीं खाणकामगाराच्या मुलाचें थोरपण इतक्या परिश्रमानें सिद्ध केल्यावर, दुसऱ्या कथेंत लेखक त्याच्या घराण्यांत राजरक्त असल्याचें सांगून मोकळे होतात. एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें परत घेण्याचा हा प्रकार आहे. राजकन्येशीं विवाह होण्यास पात्रता पुरे नव्हती काय? दुसरा दोष गॉब्लिनांविषयींचा. पूर्वीं कोण्या राजानें कर वाढविल्यामुळें किंवा जाच केल्यामुळें हे लोक जमिनीखालीं गेले, अशी दंतकथा लेखकच सांगतात. परंतु ते आपणच खोदलेल्या पाण्याच्या लोंढ्यांत बुडून मरतात तेव्हां त्यांच्याविषयीं पुरती कणव दाखवीत नाहींत. लीनेच्या पंजांत मुलाचा हात पाहणाऱ्या लेखकाकडून आमची अपेक्षा अधिक होती. तिसरें, दुसऱ्या कथेंतील आयरीन फिकी पडते. जिनें अनवाणी मनानें काळोखांत पाऊल टाकलें ती येथें बव्हंशीं शुश्रूषा करीत बसते. प्रणय म्हणून ज्याला नेहमींचा वाचक ओळखतो तो ह्या कथांत शेवटच्या दोन-चार वाक्यांपुरताच आहे.

ही शेवटची उणीव ज्यांना जाणवेल त्यांनीं मॅक्डोनल्ड ह्यांचीच 'दिवसाचा मुलगा आणि रात्रीची मुलगी' ही दीर्घकथा वाचावी. एक चेटकीण एका मुलाला रात्र दिसूं न देतां वाढविते आणि एका मुलीला दिवस दिसूं न देतां. तीं तरुण होतात व एकमेकांना भेटतात, तेव्हां उन्हांत सिंहासारखा वागणारा तो अंधारांत भीतीनें गळून जातो, आणि चांदण्यांत निर्भय असणारी ती सूर्योदयानें दिपून कोलमडते. पहिल्या पहाटे तो तिला तशीच टाकून पळतो. पुढें त्याची त्यालाच लाज वाटते. एकाचें बळ जेथें संपतें तेथें दुसऱ्यानें डोळे व्हावयाचें, हा धडा तीं दोघें शिकतात आणि मगच त्यांचा विवाह होतो. आयरीन व कर्डी ह्यांच्या कथेंतील तोच सांधा येथें तारुण्यांत आलेल्या जोडप्याच्या ठिकाणीं दिसतो. आपल्या प्रकाशांत शूर असणें सोपें. दुसऱ्याच्या काळोखाला न हंसणें कठीण.

मूळ कादंबरीचा शेवट मात्र ह्याहून फार निराळा आहे. आयरीन व कर्डी विवाह करतात, राज्य करतात, नगर काहीं काळ सुखी होतें. त्यांना मूल होत नाहीं. त्यांच्यामागून लोक ज्याला राजा निवडतात तो नगराखालच्या खडकांतील सोन्यासाठीं इतका खोदतो कीं नगर ज्या खांबांवर उभें होतें तेच पोंखरले जातात, आणि एके दिवशीं दुपारीं सारें ग्विंटिस्टॉर्म कोसळून नदींत जातें. आज तेथें रान आहे आणि त्या नगराचें नांवही कोणाच्या ओठीं उरलेलें नाहीं. श्रावणांतल्या कहाण्यांवर वाढलेल्या आपल्या मनाला हा शेवट एकाच वेळीं ओळखीचा आणि चमत्कारिक वाटतो. आटपाट नगरांत जो वसा घेऊन उततो, माततो त्याचें वैभव जातें, हें आपल्याला ठाऊक आहे. परंतु कहाणींत वसा पुन्हां घेतां येतो, गेलेलें परत मिळतें, आणि सुफळ संपूर्ण झाल्याशिवाय सांगणारी उठत नाहीं. मॅक्डोनल्ड ह्यांनीं ती सोय ठेविली नाहीं. श्रद्धेचा वारसा रक्तानें उतरत नाहीं, आणि एका पिढीनें धरलेला धागा पुढच्या पिढीच्या बोटाला आपोआप लागत नाहीं, ही गोष्ट त्यांना गोड करून सांगावयाची नव्हती. राजरक्ताविषयीं जो दोष आम्हीं वर दाखविला त्याचें परिमार्जन, लेखकाच्या मनांत असो वा नसो, ह्या शेवटानें केलें आहे.

अशी पुस्तकें आपल्या मुलामुलींच्या हातीं द्यावीं काय, असा प्रश्न पालक विचारतील. परधर्माचा संस्कार होईल ही एका पक्षाची भीति असते, आणि श्रद्धेनें बुद्धि मंदावेल ही दुसऱ्या पक्षाची. दोघांसही आमचें उत्तर एकच आहे. ह्या कथा कोणत्याही मताची दीक्षा देत नाहींत. आपल्याला जें खरें दिसलें त्याला चिकटून राहावें, तें ज्याला दिसलें नाहीं त्याच्यावर रागावूं नये, आणि हातून इजा झाली तर ती लपवूं नये, एवढें त्या शिकवितात. आस्तिकाच्या घरांत ह्यांतलें मधलें कलम विसरलें जातें, नास्तिकाच्या घरांतही तेंच विसरलें जातें. लेखकांस मात्र आमची स्वतंत्र सूचना आहे. मराठींत ज्यांना श्रद्धेची अद्भुतकथा लिहावयाची असेल त्यांनीं चमत्कार कमी आणि धागा बारीक ठेवावा. आजीच्या माडीवर कर्डीला केवळ सुकलेलें सफरचंद दिसलें, आणि लेखकानें तें तसेंच राहूं दिलें. तेथें आजी त्याला दाखवून देण्याचा मोह त्यांनीं आवरला, म्हणूनच दीडशें वर्षांनंतरही ती माडी ओस पडलेली नाहीं.